एका डागाच्या वीस प्रती

खमैसच्या दुकानाला पाटी नव्हती. तिची गरजही नव्हती. ट्युनिशियातल्या गाबेसच्या तंत्रसंस्थेच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडं, निलगिरीच्या झाडाखाली दिवसभर एक हिरवट उजेड डावीकडून उजवीकडं सरकायचा आणि परत यायचा. झेरॉक्सच्या काचेखालचा तो उजेड हीच पाटी. बावीस वर्षं तो खमैसच्या तोंडावरून असा इकडून तिकडं जात होता. त्याची बायको मब्रूका म्हणायची, "रोज कुणीतरी तुझीच प्रत काढून नेतंय, खमैस. म्हणून तर तू असा फिकट होत चाललायस."

त्याचा बाप खजुराच्या बागांमध्ये पाण्याच्या पाळ्या लावायचा. कुणाच्या वाफ्यात पाणी किती वेळ राहील, हे बापाच्या तोंडून ठरायचं, आणि त्यावरून डोकी फुटायची ती त्याच माणसासमोर. पोराला या कामात रस नव्हता. पाणी कुठं जातं यापेक्षा पंपाच्या आत काय आहे, याची त्याला खाज. घरातला रेडिओ त्यानं सातव्या वर्षी उघडला, शेजारच्यांचं शिवणयंत्र नवव्या वर्षी. दोन्ही पुन्हा बंद झाले, पण दर वेळी एखादा स्क्रू उरायचा. नववीत गणितानं त्याला सोडलं आणि त्यानं शाळेला. मग स्फाक्सच्या एका झेरॉक्स-मेकॅनिककडं वीस-पंचवीस वर्षं काळी शाई खाल्ली, आणि गाबेसला संस्था झाल्यावर तिच्या तोंडासमोर दुकान थाटलं.

संस्थेतला प्रत्येक विषय त्याच्या हाताखालून गेला. "हाताखालून गेला, डोक्यात नाही गेला," असं तो म्हणायचा, पण ते खरं नव्हतं. उष्णतेच्या शास्त्राच्या वहीतलं त्रेचाळिसावं पान दहा वर्षांपासून गहाळ आहे, आणि नेमकं तेच परीक्षेत येतं, हे संस्थेतल्या प्राध्यापकांनाही माहीत नव्हतं. खमैसला माहीत होतं. गहाळ पानाच्या जागी तो स्वतःच्या हातानं एक ओळ लिहून ठेवायचा: इथलं सरांना विचारा.

दुकानाच्या मागं पडदा होता, आणि पडद्यामागं त्याचा दुसरा धंदा. तिथं तो बंद पेट्या उघडायचा. कुणाला आराखडे काढायचं महागडं सॉफ्टवेअर पाहिजे, कुणाचा लॅपटॉप महिन्याभरातच परवाना मागत बसलाय. खमैस दोन तासांत सगळं गप्प करायचा. त्यात काही वाईट आहे, असं त्याला कधी वाटलं नाही. कुलूप ज्यानं बनवलं तो समुद्रापलीकडं राहतो, आणि पोरगं इथं परीक्षेला बसलंय. यात विचार करण्यासारखं काय आहे?

एवढं सगळं करून बावीस वर्षांत तो एकदाही फाटकाच्या आत गेला नव्हता. आत जायला ओळखपत्र लागायचं, नाहीतर काम असल्याची चिठ्ठी. त्याचं काम बाहेरच होतं. गठ्ठे घेऊन तो फाटकापर्यंत जायचा आणि पहारेकरी बेलगासेम हात लांब करायचा. फाटकाच्या गजांमधून दिसायचा तो एक लांबट चौक, एक वाळकं कारंजं आणि सभागृहाचं दार. पदवीदानाच्या दिवशी काळ्या झग्यातली पोरं त्या दारातून बाहेर यायची आणि धावत त्याच्याकडं यायची, प्रमाणपत्राची झेरॉक्स काढायला. प्रत निघेपर्यंत तो त्यांच्याकडं बघत राहायचा.

मार्च महिन्यात एका सकाळी युस्र दुकानात आली. शेवटच्या वर्षाची मुलगी, चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या, बोलणं मात्र सरळ. ती मुक्त सॉफ्टवेअर मंडळाची अध्यक्ष होती. मंडळात तिघं जण. सचिव गैथ तिच्यामागं उभा होता. तिसरा कधी कुणाला दिसला नाही.

"काका, आम्ही मुक्त सॉफ्टवेअर दिन भरवतोय," ती म्हणाली. "लोकांनी लॅपटॉप घेऊन यायचं, आम्ही त्यावर मोकळी प्रणाली घालून देणार. फुकट."

"फुकट तर मीही देतो," खमैस म्हणाला. "जवळजवळ."

"तुमचं चोरीचं आहे, काका."

गैथनं डोळे मिटले. खमैसला मात्र हसू आलं. इतक्या वर्षांत कुणी त्याला हे तोंडावर म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळ आली की लोकांचा आवाज खाली जायचा.

"आणि तुमचं?"

"आमचं उघडं आहे. आत काय आहे ते बघता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं. कुणाला विचारायची गरज नाही."

"आत बघता येतं?"

"सगळं. शेवटच्या ओळीपर्यंत."

त्या दुपारी पडद्यामागं बसून खमैसनं ते बघितलं. एक फाइल उघडली, दुसरी उघडली, तिसरी उघडली. कुठंच कुणी अडवलं नाही. आयुष्यभर त्यानं जे जे उघडलं होतं, ते कुणीतरी बंद केलेलं होतं. इथं कुणी बंदच केलं नव्हतं. त्याला आनंद झाला, आणि जरा रागही आला. आपण मग इतकी वर्षं नखं कशावर तोडली?

चार दिवसांनी युस्रनं विचारलं, "काका, त्या दिवशी तुम्ही बोलाल? दहाच मिनिटं. सभागृहात, माइकवर. झाकणं उघडण्याबद्दल."

"मी? छे. मी नववी नापास माणूस."

"म्हणूनच."

"छे छे," खमैस म्हणाला आणि दुकान अर्ध्या तासासाठी बंद करून कोपऱ्यावरच्या कॅफेत गेला. तिथं त्याचा पत्त्यांतला भिडू दहमानी न्हावी बसलेला होता. बदाम टाकलेल्या चहाचा पहिला घोट घेऊन होईपर्यंत बातमी चारही टेबलांवर पोचली.

"म्हणजे," दहमानी म्हणाला, "कुलूपतोड्याचं किल्लीवर व्याख्यान."

"तू ये ऐकायला."

"आत सोडतील मला?"

"लाउडस्पीकर लावणार आहेत. फाटकाशी उभा राहिलास तरी ऐकू येईल."

मब्रूकानं ऐकलं आणि ती लगेच उठली. मुलीच्या लग्नात घातलेला राखाडी कोट तिनं कपाटातून काढला, उन्हात टाकला आणि नाकाला लावून बघितला. "डांबरगोळ्यांचा वास येतोय," ती म्हणाली. "चालेल. लांबून ऐकणाऱ्याला वास येत नाही. मीही येईन फाटकाशी."

मग आलं भित्तिपत्रक.

गैथनं ते तयार केलं होतं. वर तारीख, मध्ये उघड्या दाराचं चित्र, खाली तीन ओळी, आणि तिसऱ्या ओळीत 'खमैस: बंद झाकणांची बावीस वर्षं'. मंजुरीसाठी ते संचालक रौफसाहेबांकडं, म्हणजे सगळ्यांच्या 'सी रौफ' यांच्याकडं गेलं. शिक्का नसेल तर संस्थेच्या भिंतीवर माशीसुद्धा बसत नाही. बुधवारी ते परत आलं. शिक्का होता, सही होती. आणि तिसऱ्या ओळीवर हिरव्या शाईची एक सरळ रेघ होती, पट्टी ठेवून मारलेली.

युस्रनं कागद त्याच्या टेबलावर ठेवला. तिचं नाक लाल झालं होतं.

"काय म्हणाले?" खमैसनं विचारलं.

"काही नाही."

"युस्र."

"म्हणाले, चोरीचा माल विकणारा माणूस माझ्या व्यासपीठावर नको. कामाला येऊ दे म्हणाले. तांत्रिक मदतनीस म्हणून. आम्ही रद्द करतो, काका. सगळंच रद्द करतो."

"रद्द कशाला?" खमैस म्हणाला. "किती प्रती हव्यात?"

"काका..."

"दीडशे पुरतील?"

त्यानं ती ओळ पांढऱ्या पट्टीनं झाकली. कागद काचेवर ठेवला, झाकण टेकवलं, बटण दाबलं. हिरवट उजेड त्याच्या तोंडावरून गेला आणि परत आला. दीडशे वेळा. स्वतःला स्वतःच्या हातानं पुसायला किती वेळ लागतो, ते त्याला त्या दिवशी कळलं. साधारण सहा मिनिटं. मध्ये एकदा कागद अडकला, तेवढा वेळ धरून.

हे त्यानं कॅफेत सांगितलं नाही. घरीही नाही. कोट खुंटीला लटकत होता, आणि मब्रूकानं त्याचं एक बटण नव्यानं शिवलं होतं. "शनिवारी काय बोलणारेस, मला म्हणून दाखव," ती म्हणाली. "तेव्हाच ऐक," तो म्हणाला आणि तोंड धुवायला गेला. उगाचच बराच वेळ धुतलं.

मदतनीस तर मदतनीस. खमैस कामाला लागला. युस्रची चिंता खरी होती. चाळीस लॅपटॉप येणार, घालून देणारे दोघं, आणि प्रत्येक लॅपटॉप निम्मा तास प्रश्न विचारत बसणार. भाषा कुठली, देश कुठला, वेळ कुठली, अमुक हवं का, तमुक नको का.

"प्रत्येकाला कशाला विचारू द्यायचं?" खमैस म्हणाला. "एक मूळ प्रत करायची. सगळी उत्तरं तिच्यातच. मग तिच्या वीस प्रती काढायच्या. लॅपटॉप फक्त नाव आणि पासवर्ड विचारेल."

दोन दिवस बसून त्यानं एक पेनड्राइव्ह असा सजवला, की बघत राहावं. नको ती बटणं काढली, नको ते मेनू लपवले, नवख्याला भीती वाटेल असं काही पडद्यावर ठेवलंच नाही. मग वीस प्रती. एकसारख्या, देखण्या. गैथ म्हणाला, "काका, हे तर मिठाईच्या दुकानासारखं दिसतंय." खमैसला ते कौतुक कोटाच्या खिशात घालून ठेवावंसं वाटलं.

झेरॉक्सवाल्याला एक गोष्ट ठाऊक असायला हवी, आणि खमैसला ती इतर सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होती. मूळ कागदावर डाग असला, की तो प्रत्येक प्रतीवर उतरतो. पण स्वतः काढलेल्या मूळ प्रतीवर डाग शोधायला कोण बसतं?

शनिवारी सकाळी दहाला बेलगासेमनं त्याच्या कोटाला एक पिवळं कार्ड अडकवलं. त्यावर 'कामगार' असं लिहिलं होतं.

"कोट झकास आहे," बेलगासेम म्हणाला. "कामाला एवढा कोट?"

"थंडी आहे."

"एप्रिलमध्ये?"

खमैस आत गेला. चौक गजांतून दिसायचा त्यापेक्षा लहान होता. कारंज्यात सिगारेटची थोटकं होती. सभागृहात शिरल्यावर त्याला पहिल्यांदा वास आला तो जुन्या खुर्च्यांच्या रेक्झिनचा, आणि मग कळलं, की हा वास तर त्याला पाठ आहे. इथून येणाऱ्या प्रत्येक वहीला तो लागलेला असायचा.

चाळीस नव्हे, सदतीस लॅपटॉप आले. तेही खूप झाले. लांब टेबलांवर ते ओळीनं उघडले गेले, पेनड्राइव्ह खोचले गेले, आणि मागं जत्रेसारखा कलकलाट सुरू झाला. एक पोरगा हरिसाची तिखट चटणी लावलेलं ट्यूना माशाचं सँडविच लॅपटॉपवर धरून खात होता. खमैसनं ते काढून त्याच्या दुसऱ्या हातात दिलं. पहिली फेरी वीसची, दुसरी सतराची. सगळं घड्याळासारखं चाललं. लॅपटॉप फक्त नाव विचारत होता, पासवर्ड विचारत होता आणि कामाला लागत होता. युस्र रांगांमधून फिरताना नुसती हसत होती.

"साहेब अकराला येतील," ती म्हणाली. "त्यांनी येऊन बघावं. सदतीस लॅपटॉप, सगळे चालू."

बाहेर, फाटकाशी, मब्रूका आणि दहमानी येऊन उभे राहिले होते. खिडकीतून खमैसनं त्यांना बघितलं. मब्रूकानं डोक्यावर निळा रुमाल बांधला होता आणि ती खजुराच्या झाडावर टांगलेल्या कर्ण्याकडं मान वर करून बघत होती. झाडावर काही पिकलं असावं आणि पडायची वाट बघावी, तसं. तो खिडकीपासून बाजूला झाला.

पावणेअकराला लॅपटॉप एकामागून एक बंद होऊन पुन्हा चालू झाले. निळा सुंदर पडदा आला. नाव आलं. पासवर्डाची चौकट आली.

"काका, माझा घेत नाहीये."

"नीट टाक."

"नीटच टाकलाय."

"काका, माझापण नाही."

"मीही तीनदा टाकला!"

दोन मिनिटांत सभागृहाचा आवाज बदलला. आत्तापर्यंत जत्रा होती, आता दवाखान्याच्या बाहेरची गर्दी झाली. कुणीतरी म्हणालं, "माझा सगळा प्रकल्प आतमध्ये आहे!" कुणीतरी म्हणालं, "फुकटचं असंच असतं!" मागून एक आवाज आला, "दुकानातलं चोरीचं तरी चालायचं!" त्यावर हशा पिकला, आणि तो हशा खमैसच्या कानशिलाला लागला.

"भाषा बदलायचा मेनू कुठंय?" गैथनं विचारलं.

"काढून टाकला," खमैस म्हणाला. "नवख्यांना भीती वाटू नये म्हणून."

"काका!"

"मला ठाऊक आहे."

दार आतून लावून किल्ली आतच ठेवली होती, आणि तीही त्यानं. खमैस एका खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. घाबरलेल्या माणसाला सगळं एकदम दिसतं आणि काहीच दिसत नाही. मग त्यानं ओरडून विचारलं, "कुणाचा उघडलाय? एकाचा तरी?"

तीन हात वर आले. एक सँडविचवाला. एक लांब वेणीची मुलगी. तिसरा हात गैथचा होता, आणि तो पुरता वरही गेला नव्हता.

"पासवर्ड काय आहे?"

"कुस्कुस," सँडविचवाला म्हणाला. खाण्याच्याच पदार्थाचं नाव, पण त्याला लाज नव्हती.

"माझ्या मांजरीचं नाव," वेणीवाली म्हणाली, "टिकू. पण सांगू कशाला सगळ्यांना?"

"आणि तुझा, गैथ?"

"सांगता येणार नाही."

"अरे, वेळ आहे का ही?"

"नाही सांगता येणार, काका."

"बरं. नुसता टाकून दाखव."

गैथनं शरीरानं लॅपटॉप झाकून घेतला आणि टाकला. खमैस त्याच्या खांद्यावरून बघत होता. चार कळा. त्यानं ती चार अक्षरं ओळखली. रांगेच्या दुसऱ्या टोकाला युस्र कुणाची तरी समजूत घालत होती. खमैसनं नजर परत पडद्यावर आणली. त्या चार अक्षरांत 'ए' नव्हता. 'एम' नव्हता. कुस्कुसमध्येही नव्हता, आणि मांजरीतही नव्हता.

आणि मग त्याला आपल्या दुकानातला की-बोर्ड दिसला. लिबियातून आलेला, बेनगर्दानच्या बाजारातून घेतलेला, इंग्रजी मांडणीचा. आठ वर्षं त्याची बोटं त्याच्यावर मुरली होती. इथल्या सगळ्या लॅपटॉपांची मांडणी फ्रेंच. 'ए'च्या जागी 'क्यू', 'एम'च्या जागी अर्धविराम. मूळ प्रतीत कळफलक कुठला, असं विचारलं तेव्हा त्यानं हाताखालचा सांगून टाकला. पासवर्ड घेताना लॅपटॉपांनी तो ऐकला. चालू झाल्यावर मात्र देश ट्युनिशिया म्हणून ते आपणहून फ्रेंच झाले. आणि आमच्याकडं कोणाचं नाव 'ए' आणि 'एम'शिवाय पुरं होतं? आमना, मरियम, मोहम्मद, हम्मादी. सगळा देशच दाराबाहेर राहिला. कुस्कुस तेवढा आत.

"युस्र," तो म्हणाला, "पाच मिनिटं दे."

तो धावला. राखाडी कोटात, बासष्टाव्या वर्षी, वाळक्या कारंज्याला वळसा घालून.

"अरे, भाषण संपलं?" फाटकाशी दहमानी ओरडला. "आम्हाला काहीच ऐकू नाही आलं!"

"खमैस!" मब्रूका म्हणाली.

तो रस्ता ओलांडून दुकानात शिरला. लिबियन की-बोर्ड संगणकापासून उपटला आणि झेरॉक्सच्या काचेवर पालथा घातला. झाकण लागेना. त्यानं कोट काढला आणि वरून टाकला. बटण दाबलं. कोटाच्या कडांमधून हिरवा उजेड बाहेर आला. पहिली प्रत त्यानं हातात घेतली. काळ्या कागदावर पांढरी अक्षरं, ओळीनं, स्वच्छ, दातांसारखी. चाळीस प्रती.

परत फाटकाशी आला तर बेलगासेमनं हात आडवा केला. "कार्ड?"

कार्ड कोटाला होतं. कोट काचेवर होता.

"बेलगासेम, देवाशपथ सांगतो..."

"नियम आहे."

"याला आत सोड," मब्रूका म्हणाली, "नाहीतर मी इथंच बसेन आणि तुझ्या आईला बोलावून घेईन." बेलगासेमची आई तिच्या गल्लीत राहायची. फाटक उघडलं.

अकराला दोन मिनिटं कमी होती. गैथ कागद वाटत सुटला, पण कागद मिळून कुणाला काही कळेना. चौतीस जण एकाच वेळी विचारत होते आणि खमैसचा आवाज चौथ्या रांगेच्या पुढं जात नव्हता. तेव्हा तो पुढं गेला. तीन पायऱ्या चढला. माइक उंच माणसासाठी लावलेला होता. त्यानं तो वाकवला. त्याची धाप माइकमध्ये शिरली आणि सगळ्या चौकाला ऐकू गेली.

"सगळे बसा," तो म्हणाला. "चूक माझी आहे. लॅपटॉपाची नाही. फुकटचीही नाही. मी घाई केली."

मागच्या रांगेत उभे होते तेही बसले.

"हातात काळा कागद आहे ना? आता आठवा, पासवर्ड टाकताना तुमचं बोट कुठल्या जागी पडलं होतं. ती जागा या कागदावर शोधा. तिथं जे छापलंय, ते आता तुमच्या लॅपटॉपवर दाबायचं. 'ए' होता? तिथं काय दिसतं?"

"क्यू," दोघं-तिघं म्हणाले.

"मोठ्यानं."

"क्यू!"

"मग तोच दाबा. 'झेड'ला?"

"डब्ल्यू!"

"'एम'ला?"

"अर्धविराम!"

"आणि ज्यांनी आकडे टाकलेत ते शहाणे माझ्याकडं या. त्यांची वेगळी पूजा आहे."

हसू आलं, पण आता ते वेगळं हसू होतं. पहिला लॅपटॉप उघडला तेव्हा एक आरोळी उठली, मग दुसरा, मग एकदम आठ. खमैस वरून ओळी बघत होता, जशा त्याचा बाप वाफ्यांच्या ओळी बघायचा, पाणी कुठवर पोचलं ते. "मागची रांग? पोचलं? डावीकडची? तुझं काय नाव? आमना? दोन क्यू लागतील तुला, मोजून."

सी रौफ दारात येऊन उभे राहिले ते याच वेळी. टाय लावलेला, हातात भाषणाचे कागद. सबंध सभागृह एकसुरात अर्धविराम म्हणून ओरडत होतं.

"हे कोण?" त्यांनी युस्रला विचारलं.

"ज्यांच्या नावावर तुम्ही रेघ मारलीत, सर, ते."

"त्यांना माइक कुणी दिला?"

युस्रनं विचार केला. "कुणी नाही," ती म्हणाली.

सी रौफ यांनी हातातले कागद नीट केले. मग पहिल्या रांगेत जाऊन बसले. कुणीतरी सवयीनं त्यांच्याही हातात काळा कागद दिला.

छत्तीस लॅपटॉप उघडले. सदतिसाव्याच्या मालकाला आपण काय टाकलं होतं तेच आठवेना. त्यात खमैसचा दोष नव्हता. तो खाली उतरायला वळला, तेव्हा मागून तोच आवाज आला, मघाशी चोरीच्या मालाबद्दल बोललेला.

"काका, एक प्रश्न. सोमवारी दुकानात कुलूप तोडलेलं मिळणार का?"

सभागृह हसलं आणि मग हळूहळू थांबलं. सी रौफ यांनी मान वर केली. खमैसच्या हातात माइक होता. काय बोलायचं ते त्याला ठाऊक होतं. आजपासून बंद, कायमचं बंद, असं काहीतरी. टाळ्या पडल्या असत्या. पण खिडकीतून तो निळा रुमाल दिसत होता, आणि त्याच्यावर टांगलेला कर्णा.

"खोटं सांगणार होतो," तो म्हणाला. "पण फाटकाशी माझी बायको ऐकतेय. माहीत नाही, पोरा. खरंच माहीत नाही."

टाळ्या फार पडल्या नाहीत. थोड्या पडल्या, विखुरलेल्या. पहिल्या रांगेत सी रौफ यांनी कागद मांडीवर ठेवून दोन वेळा हात एकमेकांवर आपटले. मग उठून ते पायऱ्या चढले, माइक सरळ केला आणि बारा मिनिटं बोलले. त्यात खमैसचं नाव नव्हतं. कोणाचंच नव्हतं. पण सुरुवात करण्याआधी त्यांनी खाली उतरणाऱ्या खमैसला पायरीवर वाट करून दिली. पायरी अरुंद होती, दुसरा काही उपाय नव्हता, असंही म्हणता येईल.

खमैस फाटकाबाहेर आला तेव्हा दुपार चढली होती. समुद्राचा वारा सुटला होता. सदरा पाठीला चिकटला होता.

"हे भाषण?" दहमानी म्हणाला. "बावीस वर्षांत एवढंच शिकलास? बाराखडी? आणि तीपण चुकीची?"

"तू गप्प बस," मब्रूका म्हणाली. ती खमैसकडं बघत होती. "झाकणांबद्दल बोलणार होतास ना? झाकणांचं काहीच नाही आलं."

"नाव खोडलं होतं माझं," खमैस म्हणाला. "बुधवारीच. मी तुला सांगितलं नाही."

"मला माहीत होतं. दीडशे कागद गावभर लागलेत. मला वाचता येतं, खमैस."

"मग आलीस कशाला?"

"कोट उन्हात टाकला होता," ती म्हणाली. "मेहनत झाली होती. कोट कुठाय?"

"काचेवर."

ती मान हलवून चालायला लागली. रस्ता ओलांडताना तिनं त्याचा दंड धरला, गाड्या येत होत्या म्हणून.

"सोमवारचं माहीत नाही म्हणालास," ती म्हणाली.

"नाही माहीत."

"सोमवारी मी दुकानात बसते. पुढं. तू मागं पडद्याआड बस, आणि ते उघडं काय आहे ते घालून दे ज्याला पाहिजे त्याला. तोडलेलं मागायला कुणी आलं तर नाही म्हणायचं काम माझं. तुला ते जमत नाही. कधीच जमलं नाही."

"पण पोरं दुसऱ्या दुकानात जातील."

"काही जातील."

"अहो वहिनी," दहमानी मागून धापा टाकत आला, "आणि माझं काय? याच्याकडं माझा लॅपटॉप पडलाय. उद्या तोडून देतो म्हणाला होता!"

"नाही," मब्रूका म्हणाली.

दहमानीनं खमैसकडं बघितलं. खमैसनं खांदे उडवले आणि दुकानाचं शटर वर ढकललं.